शीतगृहाचे वीजबिल कोणी भरायचे?



दिवाळीच्या जेवणानंतर आमच्याकडे काही मंडळी गप्पा मारत बसली होती. आदल्याच आठवड्यात आम्ही मुलांना घेऊन कोलंबसला, ओहायो स्टेट विद्यापीठाचे ध्रुवीय संशोधन केंद्र पाहायला गेलो होतो. तिथली माहितीपत्रके अजून टेबलावरच होती. एका मित्राने ती चाळली. आकडे हा त्याचा व्यवसाय. बँकेच्या तिमाही निकालांत त्याची वीस वर्षे गेली. तो म्हणाला, "अरे, पैसे पाण्यात गेलेले ऐकले होते, बर्फात गेलेले आज पाहिले. दरवर्षी एवढा निधी घेऊन यांच्या हाताला लागतं काय?"

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हा निधी बहुतांशी सरकारी, म्हणजे लोकांच्या कराचा, तुमच्या-माझ्या कराचाही. त्याचा हिशोब मागणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि तो देणे हे आम्हा संशोधकांचे कर्तव्य आहे. "विज्ञान थोर असते, तुम्हाला कळणार नाही" हे उत्तर मला स्वतःला कधीच पटले नाही. देवळातल्या पुजाऱ्याचे उत्तरही साधारण तसेच असते.

हिशोब देण्याची आमची ठरलेली रीत म्हणजे वार्षिक अहवाल. माझ्या विभागाच्या अहवालात दरवर्षी माझेही दोन आठवडे जातात. त्याचा साचा तुम्हाला परिचित असेल. इतके प्रस्ताव पाठवले, इतके मंजूर झाले, इतके अनुदान आले, इतके शोधनिबंध छापले, इतक्यांना पीएच.डी. मिळाली, आणि शेवटी पारितोषिके. यात खोटे काही नसते. पण या साच्यात काय मावते आणि काय मावत नाही, हे पाहिल्याशिवाय मित्राच्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. त्यासाठी कोलंबसच्या या केंद्राचे उदाहरण फार बोलके आहे.

केंद्र १९६० साली 'इन्स्टिट्यूट ऑफ पोलर स्टडीज' म्हणून सुरू झाले. १९८७ मध्ये त्याला दक्षिण ध्रुवावरून विमान नेणाऱ्या रिचर्ड बर्ड यांचे नाव मिळाले, आणि २०१४ मध्ये नावात 'हवामान' हा शब्द आला. आज ते 'बर्ड पोलर अँड क्लायमेट रिसर्च सेंटर' म्हणून ओळखले जाते. जगातल्या उंच पर्वतांवरून आणि ध्रुवांवरून आणलेले बर्फाचे दंडगोल, म्हणजे आइस कोअर, हे त्याचे मोठे वैभव. हिमनदीवर दरवर्षी पडणारा बर्फ थरावर थर साचतो. प्रत्येक थरात त्या वर्षीची धूळ, क्षार, राख आणि तापमानाच्या खुणा अडकून राहतात. वरून खालपर्यंत छिद्र घेऊन तो दंडगोल बाहेर काढला की शेकडो, कधी हजारो वर्षांची हवामानाची वही हाती येते.

या कामाची सुरुवात कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. लॉनी थॉम्पसन हा विद्यार्थी इथे आला होता कोळशाचे भूशास्त्र शिकायला. पुढे तो बर्फाकडे वळला. पेरू देशातल्या केल्काया नावाच्या हिमटोपीवर हवामानाचा इतिहास सापडेल, अशी कल्पना केंद्रातले भूशास्त्रज्ञ जॉन मर्सर यांनी मांडली होती. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ध्रुवीय विभागाने सुरुवातीला नकार दिला, कारण पेरू ध्रुवावर नाही! मग वर्षअखेरीस विभागाकडे ७,००० डॉलर उरले, आणि तेवढ्यात काय करता येईल अशी विचारणा झाली. त्या उरलेल्या पैशांतून १९७४ मध्ये हे लोक केल्कायावर पोचले. १९७९ मध्ये हेलिकॉप्टरने यंत्रे वर नेण्याचा प्रयत्न फसला, कारण तेवढ्या उंचीवरच्या विरळ हवेत हेलिकॉप्टरचा निभाव लागेना. अखेर १९८३ मध्ये सौरऊर्जेवर चालणारे ड्रिल ५,६७० मीटर उंचीवर नेऊन तळापर्यंत छिद्र घेतले गेले आणि सुमारे १,५०० वर्षांची नोंद हाती आली. उष्ण कटिबंधातल्या पर्वतांवरच्या बर्फातही हवामानाचा इतिहास वाचता येतो, हे त्यामुळे सिद्ध झाले.

आता हा हिशोब वार्षिक अहवालात बसवून पाहा. १९७४: खर्च ७,००० डॉलर, निष्पत्ती शून्य. १९७९: मोहीम अयशस्वी. माझ्या मित्राच्या बँकेत हा प्रकल्प दुसऱ्याच तिमाहीत बंद झाला असता.

दुसरे उदाहरण आपल्या जास्त जवळचे आहे. १९९७ मध्ये थॉम्पसन आणि चीनचे याओ तानदोंग यांच्या पथकाने तिबेटात, शिशापांग्मा शिखराच्या अंगावर, दासुओपू हिमनदीत ७,२०० मीटर उंचीवर छिद्रे घेतली. त्या उंचीवर चालतानाही धाप लागते. यांनी तिथे तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे यंत्र चालवले. तिथे पडणारा बर्फ मुख्यतः आपल्या मान्सूनचा. ज्या वर्षी मान्सून दगा देतो त्या वर्षी थरात धूळ आणि क्लोराइड वाढते. २००० साली 'सायन्स'मध्ये आलेल्या निबंधाने या दंडगोलांतून हजार वर्षांचा मान्सून वाचून दाखवला. अनेक अवर्षणे दिसली, पण सर्वांत तीव्र निघाले ते १७९० ते १७९६ या वर्षांतले.

इतिहासाच्या वाचकांना ही वर्षे ओळखीची वाटतील. सवाई माधवरावांच्या काळातला हा दुष्काळ. प्रेते जाळायला वा पुरायला माणसे उरली नाहीत म्हणून तो 'कवट्यांचा दुष्काळ' म्हणून नोंदला गेला. हैदराबाद, दक्षिणेतला मराठी मुलूख, गुजरात, मारवाड इथे त्याने माणसे मारली. मेलेल्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. पण त्या वर्षांची धूळ हिमालयाच्या बर्फात होती, आणि दोनशे वर्षांनी ती ओहायोतल्या एका प्रयोगशाळेत मोजली गेली. आपल्याकडे १८७६–७८ च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून ती सरकारपुढे मांडली होती. सरकारी कागद सांगतील तेवढेच खरे, हे न मानणाऱ्यांना आधी स्वतंत्र नोंद हवी असते. दंडगोलातल्या थरांचे मोल मला त्यासाठीच वाटते.

ही गोष्ट २००० साली संपली नाही. उरलेला बर्फ कोलंबसच्या शीतगृहात राहिला. पुढे अगदी अल्प प्रमाणातले धातू मोजण्याचे तंत्र सुधारले, आणि २०२० मध्ये त्याच १९९७ च्या बर्फावरून नवा निबंध आला. १७८० च्या सुमारापासून त्या थरांत कॅडमियम, क्रोमियम, निकेल, जस्त अशा धातूंचे प्रमाण वाढलेले दिसले आणि संशोधकांनी त्याचा संबंध युरोपातल्या औद्योगिक क्रांतीत जळलेल्या कोळशाशी जोडला. म्हणजे माणसाचे पाऊल पोचण्याच्या कितीतरी आधी त्याचा धूर हिमालयाच्या माथ्यावर पोचला होता. मोहीम १९९७ ची, फळ २०२० चे. मधली तेवीस वर्षे तो बर्फ फक्त गोठलेला ठेवायचा होता.

हे शीतगृह आम्ही पाहिले. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजची आठवण झाली, पण इथले तापमान शून्याखाली तीस अंशांहूनही कमी. फळ्यांवर चंदेरी नळकांडी रचलेली, प्रत्येकावर हिमनदीचे नाव आणि क्रमांक. माझ्या मुलीने विचारले, "लाइट गेले तर?" दाखवणाऱ्या बाईंनी पर्यायी वीजव्यवस्थेबद्दल सांगितले. परतताना गाडीत मी तो प्रश्न वेगळ्या अर्थाने घोळवत होतो. यातल्या काही नळकांड्यांतला बर्फ पुन्हा आणता येणार नाही, कारण ज्या हिमनदीवरून तो आणला ती आता तशी राहिलेली नाही.

मानसरोवराच्या दक्षिणेला गुर्ला मांधाता पर्वत आहे. तिथल्या नैमोनान्यी हिमनदीत २००६ मध्ये छिद्र घेतले, तेव्हा १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांची किरणोत्सर्गी खूण सापडलीच नाही. ही खूण जगभरच्या बर्फात सापडते. ती इथे नाही याचा अर्थ असा की तो थर आणि त्यावर साचलेले सगळे वितळून गेले. वहीची शेवटची पाने फाटलेली निघाली. अहवालाच्या भाषेत मात्र हा "काही न सापडल्याचा" निष्कर्ष असतो.

खंड पडलेली नोंद म्हणजे काय, याचा धडा याच केंद्रातून आणखी एकदा मिळाला. पश्चिम अंटार्क्टिकाच्या मध्यावर १९५७ पासून बर्ड स्टेशन आहे. १९७० च्या दशकात तिथे वर्षभर माणूस राहीनासा झाला. स्वयंचलित उपकरणे बसवली, पण लांबलचक ध्रुवीय रात्रीत त्यांची वीज वारंवार जायची. परिणामी तापमानाच्या सुमारे एक-तृतीयांश नोंदीच नाहीत. डेव्हिड ब्रॉमविच आणि सहकाऱ्यांनी संगणकी प्रारूपांच्या मदतीने त्या फटी भरल्या आणि २०१३ मध्ये दाखवून दिले की १९५८ ते २०१० या काळात तिथले सरासरी तापमान सुमारे २.४ अंश सेल्सियसने वाढले आहे. काम उत्तमच झाले. पण ठिगळ कितीही सफाईने लावले तरी मूळ कापडाची सर त्याला येत नाही. न मोजलेले वर्ष पुढे कितीही पैसे ओतून विकत घेता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, ठीक आहे, काही फळे उशिरा येतात, पण शेवटी येतात ना? तेवढेच नाही. अहवालाच्या साच्याला काही कामगिऱ्या ओळखूच येत नाहीत, कधी कधी त्या नकोशाही असतात. मर्सर यांचेच पाहा. १९७८ मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये इशारा दिला की कार्बन डायऑक्साइड असाच वाढत राहिला तर पश्चिम अंटार्क्टिकाची हिमचादर कोसळून समुद्र सुमारे ५ मीटरने चढू शकतो. आधी अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाकडचे तरंगते हिमपट्टे फुटतील आणि ते लोण हळूहळू दक्षिणेकडे सरकेल, ही धोक्याची पहिली खूण समजा, असेही त्यांनी लिहिले. त्या वेळी हे अनेकांना अतिरंजित वाटले. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी २००७ मध्ये या प्रकरणाचा उल्लेख करून नोंदवले की सावधपणाची भाषा करणाऱ्या, धोका कमी लेखणाऱ्या शास्त्रज्ञांनाच त्या काळी संशोधननिधी मिळणे सोपे गेले असे आपल्याला वाटते. मर्सर १९८७ मध्ये वारले. १९९५ मध्ये लार्सन-ए हिमपट्टा फुटला. २००२ मध्ये लार्सन-बीचा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा भाग, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे मिळून होणाऱ्या क्षेत्राच्या पाचपटीहून मोठा, काही आठवड्यांत विखुरला. मर्सर यांनी सांगितले तसेच, उत्तरेकडून दक्षिणेकडे.

आणि एक गोष्ट, जी या पानावर सांगितलीच पाहिजे. अमेरिकी नौदल अंटार्क्टिकाला स्त्रियांना नेत नसे. केंद्राचे संचालक कॉलिन बुल जवळजवळ दशकभर त्यासाठी भांडत होते. १९६९ मध्ये ओहायो स्टेटच्या भूरसायनशास्त्रज्ञ लोइस जोन्स यांच्या नेतृत्वाखाली चार स्त्रियांचे पथक गेले आणि तिथल्या कोरड्या दऱ्यांत त्यांनी दगड फोडून नमुने गोळा केले. १२ नोव्हेंबर १९६९ रोजी सहा स्त्रिया दक्षिण ध्रुवावर विमानातून एकमेकींचे हात धरून एकाच वेळी उतरल्या, म्हणजे "पहिली कोण" हा प्रश्नच उरू नये. १९८३ मध्ये निघालेल्या भारताच्या तिसऱ्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता आणि आपल्या नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत गेल्या, त्यामागेही असेच कित्येक दरवाजे कोणीतरी ढकललेले होते. डॉलरच्या रकान्यात याची किंमत किती लिहायची?

अर्थात या केंद्राचे सगळेच बरोबर निघाले असे नाही. किलिमांजारोवरचा बर्फ त्या वेळची परिस्थिती कायम राहिल्यास २०१५ ते २०२० च्या दरम्यान संपेल, असा अंदाज थॉम्पसन यांच्या पथकाने २००२ मध्ये वर्तवला होता. बर्फ झपाट्याने घटला, पण अजून पूर्ण संपलेला नाही. टीकाकारांनी हे वारंवार ऐकवले, आणि ते ऐकून घेतलेच पाहिजे. पण ते तपासायचे तरी कशावरून? वर्षानुवर्षे केलेल्या मोजणीवरूनच. चुकलेला अंदाज दुरुस्त करायलाही नोंद लागते.

आता पैशांकडे येतो. अनुदान शास्त्रज्ञाच्या खिशात येत नाही, विद्यापीठाकडे येते. त्याचे दोन भाग असतात. पहिला प्रत्यक्ष खर्चाचा: विद्यार्थ्याचे मानधन, प्रवास, बर्फाची वाहतूक, रसायने. दुसरा अप्रत्यक्ष खर्चाचा, ज्याला आपण ओव्हरहेड म्हणतो: इमारत, वीज, सुरक्षा, हिशोबनीस. ओव्हरहेड या शब्दाला उधळपट्टीचा वास येतो, आणि काही ठिकाणी ती होतेही. पण सामाईक शीतगृहासारख्या गोष्टींचा भारही बराचसा याच भागावर पडतो, कारण त्यांचा खर्च कोणत्याही एका प्रकल्पाचा नसतो. मोहिमेचे फोटो निघतात. कॉम्प्रेसरच्या देखभालीचे उद्घाटन कोणी करत नाही.

२०२५ मध्ये नेमका याच भागावर घाव घालण्याचा प्रयत्न झाला. फेब्रुवारीत आरोग्य संशोधनाच्या आणि मे महिन्यात नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानांतील अप्रत्यक्ष खर्चावर सरसकट १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर झाली. न्यायालयांनी ती रोखली. त्याच वर्षी सरकारने २०२६ या आर्थिक वर्षासाठी फाउंडेशनचा निधी सुमारे ९ अब्ज डॉलरवरून ३.९ अब्जांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. अमेरिकी काँग्रेसने तो मानला नाही आणि बराचसा निधी शाबूत ठेवला. म्हणजे संकट टळले? कागदावर टळले. पण त्या अनिश्चित महिन्यांत अनेक विद्यापीठांनी नवे विद्यार्थी घेणे थांबवले. माझ्या ओळखीच्या, परभणीहून येऊ घातलेल्या एका मुलीला सहायकवृत्तीचे पत्र आले, आणि सहा आठवड्यांनी दिलगिरीचे. मी स्वतः २००३ मध्ये दोन बॅगा आणि तसलेच एक पत्र घेऊन या देशात उतरलो होतो. माझे मानधन कोणाच्या तरी अनुदानातल्या एका ओळीतून येत होते. तुमच्यापैकी किती जण तशाच एका ओळीवर इथे आलात, ते आठवून पाहा.

म्हणून माझ्या मित्राला मी दिलेले उत्तर असे. हिशोब जरूर माग, पण वर्षाचा मागू नकोस, तीस वर्षांचा माग. तीस वर्षांच्या हिशोबात ७,००० डॉलरची ती रक्कम बहुधा या केंद्रावर खर्च झालेली सर्वांत लाभाची रक्कम ठरेल. आणि मुदत वाढवली म्हणून हिशोब सैल होतो असेही नाही. उलट तेव्हा अधिक अडचणीचे प्रश्न विचारता येतात: जुनी सामग्री जपली का? ती इतरांना वापरू दिली का? अप्रिय निष्कर्ष छापणाऱ्याच्या पाठीशी उभे राहिलात का? ज्यांना दारातच अडवले जात होते त्यांच्यासाठी दार उघडलेत का?

तो म्हणाला, "हे प्रश्न आमच्याही बँकेला विचारायला हवेत." मी म्हटले, "विचार की!"

आपण काय करायचे? आपल्यातल्या बहुतेकांना आपापल्या जुन्या विद्यापीठाकडून दरवर्षी देणगीचे पत्र येते. देणगी देणार असाल तर ती कोनशिलेसाठी देऊ नका. देखभाल, नमुन्यांचे जतन, विद्यार्थ्यांचे मानधन अशा बिनचेहऱ्याच्या खर्चासाठी द्या आणि तसे पत्रात स्पष्ट लिहा. दुसरे, आपल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाला फोन करा. ग्रीनकार्डावर असलात तरी तुम्ही त्या मतदारसंघाचे रहिवासी आहात आणि तुमचा फोन नोंदवला जातो. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मूलभूत संशोधनाच्या तरतुदीचे काय होणार, एवढेच विचारा. दोन मिनिटांचे काम आहे. तिसरे, मुलांना घेऊन असे एखादे केंद्र पाहून या. कोलंबसचे केंद्र आधी वेळ ठरवून पाहता येते.

मित्राच्या मुलाला आम्ही पुढच्या खेपेला बरोबर नेणार आहोत. मित्र स्वतः येईन म्हणाला आहे. त्याला शीतगृहाचे महिन्याचे वीजबिल किती येते ते विचारायचे आहे.

आपला,
संपादक